अबोली: फांदीच्या तुकड्यापासून पाळण्यावरच्या गजऱ्यापर्यंत

भाचीला पाचवा महिना लागला तेव्हा तिने फोनवर दोन गोष्टी एका दमात सांगून टाकल्या. मुलगी झाली तर नाव अबोली ठेवायचं, आणि बारशाला पाळण्यावर अबोलीचे गजरे बांधायचे, तेही घरच्या फुलांचे. "आणि मुलगा झाला तर?" मी विचारलं. "तर गजरे तू माळ, मावशी."

हातात चार-साडेचार महिने होते. फांदीच्या तुकड्यापासून पहिल्या फुलापर्यंत यायला अबोलीला साधारण तेवढेच लागतात. वेंगुर्ल्याला आमच्या मागच्या दारी अबोली कुणी लावल्याचं मला आठवत नाही, ती असायचीच. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत मात्र ती मुद्दाम लावावी लागली, आणि लावताना मी दोन-तीन चुकाही केल्या. त्या चुकांसकट सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांना फक्त झाड हवं आहे त्यांनी नावाचा भाग सोडून द्यावा. ज्यांना फक्त नाव हवं आहे त्यांनीही एखादी कुंडी लावून बघायला हरकत नाही.

आधी ओळख पटवून घ्या

अबोलीचं शास्त्रीय नाव क्रॉसँड्रा इन्फन्डिब्युलिफॉर्मिस. पहिला शब्द ग्रीक: झालर आणि पुंकेसर. दुसरा लॅटिन: नरसाळ्याच्या आकाराची. झाड दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलं. तमिळ, कन्नड आणि तेलुगूत ते कनकांबर या नावाच्या वेगवेगळ्या रूपांनी ओळखलं जातं, गोव्याच्या कोकणीत आबोलीं. कुळ अडुळशाचं आणि कोरांटीचं.

रोप दोन-तीन फूट उंच, पानं गडद हिरवी आणि चकचकीत. शेंड्याला आणि पानांच्या बगलेत हिरवं, चौकोनी घडणीचं कणीस येतं आणि त्याच्या खवल्यांमधून फुलं डोकावतात. एकेका फुलाची नळी दोऱ्याइतकी बारीक, आणि पाकळी एकाच बाजूला पंख्यासारखी पसरलेली. फुलाचा मागचा अर्धा भाग कुणी कात्रीने कापून नेल्यासारखा दिसतो. रंग केशरीही नव्हे, गुलाबीही नव्हे. साडीच्या दुकानात 'अबोली रंग दाखवा' म्हटलं की तो नेमका काढून दाखवतात, कारण दुसऱ्या कुठल्या शब्दात तो बसत नाही.

वास नाही. फुलाचं बोलणं म्हणजे त्याचा वास, आणि ही बोलत नाही म्हणून अबोली, असं आमच्याकडे सांगतात.

रोप विकत घ्यायला गेलात तर तीन घोटाळे टाळा. रानात निळसर हिरव्या फुलांचं एक झुडूप असतं, त्याला लोक रानअबोली म्हणतात, ते वेगळं. काटेरी कोरांटी वेगळी. आणि फोनवर रोपवाटिकेला विचारताना शब्द नीट उच्चारा. मला एकाने सावंतवाडीवरून आंबोलीला कसं जायचं ते दहा मिनिटं समजावलं होतं.

पिवळी अबोली आणि लाल अबोलीही मिळते. बाजारासाठी जी शेती होते त्यात 'दिल्ली क्रॉसँड्रा' नावाचा गडद केशरी वाण बराच असतो. तो दिसायला झकास, पण त्याला बी धरत नाही, फांदीवरूनच वाढवावा लागतो. तुम्हाला पुढे बियांची गंमत बघायची असेल तर साधी गावठी अबोली घ्या. मी तर तीच घ्या म्हणेन.

फांदी लावायची की बी?

घाई असेल तर फांदी. ओळखीच्या घरचं निरोगी झाड गाठा. पेनाएवढी जाड झालेली जुनी फांदी नको आणि कोवळा लुसलुशीत शेंडाही नको. मधली, किंचित कडक झालेली निवडा. बोटभर लांबीचे, म्हणजे दहा-बारा सेंटीमीटरचे तुकडे करा. प्रत्येकाला निदान तीन पेरं हवीत. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या, कारण मुळं तिथूनच फुटतात. खालची पानं काढून टाका, वरची दोन ठेवा, तीही मोठी असतील तर अर्धी कापा. कणीस आलं असेल तर निर्दयपणे खुडा. ते ठेवलं तर फांदी सगळी ताकद फुलण्यात घालवते आणि मुळं राहून जातात.

निम्मी वाळू आणि निम्मं कोकोपीट भरलेल्या पिशवीत दोन पेरं आत जातील असे तुकडे खोचा, सावलीत ठेवा, माती ओलसर राहू द्या. तीन-चार आठवड्यांत नवी पानं दिसू लागतात. मधल्या काळात उपटून बघण्याचा मोह होतो. मी एक उपटलाच, आणि तो गेला. सगळे तुकडे जगत नाहीत, म्हणून दहा हवे असतील तर पंधरा लावा.

बी लावायचं असेल तर जरा जास्त वेळ धरा. ट्रेमध्ये भुसभुशीत मातीवर बी पसरायचं, वरून चिमटीने मातीचा पातळ थर द्यायचा, आणि पाणी फवाऱ्यानेच द्यायचं. उबदार हवेत दोन ते तीन आठवड्यांत उगवतं. थंडीत पेरलंत तर महिनाभर नुसतं मातीकडे बघत बसाल. चार-सहा पानं झाली की रोप कुंडीत हलवायचं.

बी मिळवायचं कसं, ते जरा सविस्तर

अबोलीला मुकी म्हणणाऱ्याने तिची वाळलेली कणसं पाहिलेली नसतात.

फुलं झडली की खवल्यांच्या आत लहान, लांबट बोंडं धरतात. ती पिकून तपकिरी होतात आणि तशीच गप्प बसून राहतात. उन्हाने तडकत नाहीत. त्यांना हवं असतं पाणी. ओलावा लागला की बोंडाचे दोन अर्धे फटकन उलगडतात आणि आतल्या चार बिया लांब भिरकावल्या जातात. यात झाडाचं शहाणपण आहे: पाऊस पडेल तेव्हाच बी टाकायचं, म्हणजे ते रुजेल. इंग्रजीत या झाडाला फटाक्याचं फूल म्हणतात ते यावरून. मिरगाच्या पहिल्या सरीनंतर मागच्या दारी जो तट्-तट् आवाज व्हायचा तो पन्हाळीचा नसून अबोलीचा असतो, हे मला दहाव्या वर्षी कळलं.

म्हणून बी गोळा करायचं ते कोरड्या दिवशी, दुपारी. पूर्ण वाळलेली कणसं कात्रीने कापून कागदाच्या पिशवीत टाका. पहाटे दव असताना हात लावलात तर निम्म्या बिया शेजारच्या गच्चीत जातील. मग स्टीलचा झाकणाचा डबा घ्या, त्यात कणसं ठेवा, वरून पाण्याचे चार शिंतोडे मारा आणि झाकण लावून डबा कानाशी धरा. मिनिटभर काही नाही. मग एक टण्. मग तीन-चार एकदम, आणि मग मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा कडकडाट. घरात लहान मूल असेल तर हा कार्यक्रम त्याच्या हातात द्या, फक्त झाकण उघडून डोकावू देऊ नका. आवाज थांबला की चपट्या, झालरीच्या बिया तळाशी मिळतात. त्या लगेच पेरा, किंवा कागदावर पसरून पुरत्या सुकवून ठेवा.

कुंडी, माती, जागा

कुंडी दहा ते बारा इंची, तळाला भोकं मोकळी. दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट, आणि मूठभर निंबोळी पेंड. पेंड विसरू नका, कारण अबोलीचा खरा शत्रू मातीत असतो. त्याच्याकडे पुढे येते. जमिनीत लावायची तर दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवा. ती आडवी पसरते.

ऊन किती? कोकणात ती माडाच्या विरळ सावलीतही सुखात असते. शहरात सकाळचं चार-पाच तासांचं ऊन आणि दुपारी थोडा आडोसा मिळाला तर उत्तम. मे महिन्यात गच्चीच्या तापलेल्या फरशीवर कुंडी ठेवू नका, खाली दोन विटा द्या. पूर्ण सावलीत पानं हिरवीगार राहतात, कणसं मात्र येत नाहीत, आणि लोक खतं बदलत बसतात.

किती झाडं लावावीत याचा हिशोब आधीच करा, कारण तिथेच बहुतेकांची निराशा होते. माझ्या हातच्या वीतभर गजऱ्याला ऐंशीच्या आसपास फुलं लागतात. धडधाकट झाडाला सहा-सात कणसं असली तर दिवसाआड बारा-पंधरा फुलं मिळतात. म्हणजे एका गजऱ्याला सहा कुंड्या. एकच कुंडी लावून गजऱ्याची वाट बघणाऱ्यांना मी देवाला एक फूल वाहायला सांगते.

पाणी, खत आणि माझी जुलैतली चूक

वरची बोटाच्या पेराइतकी माती कोरडी झाली की पाणी द्यायचं. तहान लागली की अबोली पानं खाली टाकते आणि पाणी मिळालं की तासाभरात उभी राहते, इतकी सरळ आहे. पण पाणी साचलं की तीच लक्षणं दिसतात. पानं मलूल झाली म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि तिला बुडवतो. गच्ची खराब होऊ नये म्हणून मी कुंड्यांखाली बशा ठेवल्या होत्या. जुलैच्या झडीत त्या भरल्या, मी आठ दिवस गावी होते, आले तर तीन झाडांची मुळं काळी पडलेली. पावसाळ्यात बशा काढा. मलूल झाड दिसलं की आधी मातीत बोट घाला, मग झारीला हात लावा.

खताचं फार कौतुक नको. पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, किंवा शेण भिजवून निवळलेलं पाणी दहापट पातळ करून. युरिया चमचाभर टाकण्याचा सल्ला गच्चीवरच्या शेजाऱ्यांकडून हमखास येतो. त्याने पानं माजतात, कणसं आखडतात.

नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा. शहरातलं जड पाणी वापरणाऱ्यांना हे बऱ्याचदा करावं लागतं.

मावा आणि पांढरी माशी आली तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. पानांची खालची बाजू ओली झाली पाहिजे, कीड तिथेच असते.

आता तो मातीतला शत्रू: सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे जंत. झाड खुरटतं, खत-पाणी सगळं नीट असूनही पानं लहान आणि फिकी येतात. उपटून बघाल तर मुळांवर ज्वारीच्या दाण्यांसारख्या गाठी. अशा झाडावर उपचार करत बसू नका. झाड आणि माती दोन्ही टाकून द्या, आणि त्या जागी पुन्हा वर्षभर अबोली लावू नका. जमिनीत लावलेली असेल तर तिथे एक हंगाम झेंडू घ्या. झेंडूच्या मुळांपुढे सूत्रकृमींचं फारसं चालत नाही.

छाटणी दोन प्रकारची. सगळी फुलं येऊन गेलेलं कणीस लगेच कापायचं. बी हवं असेल तेवढीच चार-दोन ठेवायची. आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडाशी, झाड वीतभर-दीड वीत ठेवून कापायचं. थंडीत कात्री लावू नका. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत ती तशीही रुसून बसते, फुलं कमी होतात. दोन-तीन वर्षांनी झाडाचं खोड लाकडासारखं होतं आणि फूल लहान येऊ लागतं. तोवर नव्या फांद्या लावून तयार ठेवलेल्या असाव्यात.

थंड देशात राहणाऱ्यांसाठी एवढंच: अबोली तिकडे घरातलं झाड म्हणून चालते. स्वीडनमध्ये तयार झालेला 'मोना वॉलहेड' नावाचा बुटका वाण कुंडीसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे फुलाचं नाव बाईला, तिकडे बाईचं नाव फुलाला. दक्षिणेकडची खिडकी द्या, तापमान पंधरा अंशांच्या खाली जाऊ देऊ नका आणि हिटरच्या कोरड्या हवेपासून लांब ठेवा.

फुलं काढणं

कणसातली फुलं खालून वर, टप्प्याटप्प्याने उमलतात. आज दोन-तीन, मग एक दिवस सोडून पुढची. असं एक कणीस दोन-तीन आठवडे चालतं. म्हणून फुलं दिवसाआड काढायची, ऊन चढायच्या आधी.

आजीने मला फुलं काढायला शिकवलं ते चार शब्दांत: "ओढू नको गो, उचल." अंगठा आणि तर्जनीने पाकळीच्या खाली नळी धरायची आणि सरळ वर उचलायची. फूल अलगद हातात येतं, हिरवा खवला कणसावरच राहतो. तिरकं ओढलं तर नळी मधेच तुटते, आणि नळी तुटलेलं फूल गुंफता येत नाही. नळी हाच त्याचा देठ.

ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर फुलं ठेवा. पाण्यात टाकू नका, पाकळ्यांवर डाग पडतात. आदल्या दिवशीची फुलं झाकणाच्या डब्यात, ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तर दुसऱ्या दिवशी गुंफायला चालतात. अबोली तशी चिवट आहे. मोगरा संध्याकाळपर्यंत तपकिरी होतो, अबोलीचा गजरा दुसऱ्या दिवशीही माळता येतो.

वळेसर गुंफणं

गजऱ्याला तळकोकणात वळेसर म्हणतात. अबोली सुईने ओवू नका. नळी इतकी नाजूक की सुई तिला फाडते, आणि ओवलेली अबोली माळेत लोंबते, तिचा भरगच्च काठ होत नाही. ती गाठीने बांधायची.

दोरा केळीचा सर्वांत चांगला. केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट पाण्यात भिजवा, मऊ झालं की नखाने उभे बारीक पट्टे काढा. हा दोरा ओला असतो, फुलाला कापत नाही आणि गाठ घसरू देत नाही. शहरात सोपट मिळत नसेल तर जाडसर सुती दोरा ओला करून घ्या. नायलॉनचा नको.

आता हात. उजवा हात सरावाचा असेल तर असं:

१. दोऱ्याचं एक टोक डाव्या हाताच्या करंगळी-अनामिकेत अडकवा. आजी ते पायाच्या अंगठ्याला बांधायची, आणि सुरुवातीला तेच सोपं जातं. मोकळा लांब दोरा उजव्या हाती.

२. डाव्या अंगठा-तर्जनीत दोन फुलं धरा, पाकळ्या डावीकडे, नळ्या दोऱ्यावर आडव्या. त्यावर उलट दिशेने आणखी दोन, पाकळ्या उजवीकडे. चारही नळ्या एकमेकींवर आल्या पाहिजेत.

३. उजव्या हातातला दोरा नळ्यांभोवती एक वेढा घ्या.

४. आता त्याच दोऱ्याचा उजव्या दोन बोटांवर एक फास करा. फासाला अर्धा पीळ द्या, म्हणजे मोकळं टोक फासाच्या खाली जाईल. तो फास उजवीकडच्या पाकळ्यांवरून घालून नळ्यांवर आणा आणि हळू ओढा.

५. गाठ बसली की पुढची चार फुलं तिला खेटून. मधे दोरा दिसता कामा नये.

सगळी कसरत चौथ्या पायरीत आहे. पहिले दहा फास एक तर सुटतात किंवा नळ्या कापतात. किती ओढायचं ते सांगता येत नाही, बोटांना कळतं: दोरा नळीत रुतायला लागला की किंचित मऊ लागतं, तिथे थांबायचं. पहिला धडा तगरीच्या कळ्यांवर घ्या, त्यांचा देठ जाड असतो. माझ्या भाचीने तर हिरव्या मिरच्यांवर सराव केला. चालतं.

वास हवा असेल तर दर चार गाठींमागे मरव्याची काडी, किंवा जाईच्या दोन कळ्या घाला. केशरी रंगात मधे हिरवं आलं की अबोली आणखी उठून दिसते. मला स्वतःला नुसती अबोली आवडते, पण पाळण्यावर बाळाच्या नाकाशी येणार म्हणून उग्र वासाचं काही नको असं ठरवायचं असेल तर हिच्याइतकं सोयीचं फूल नाही.

आता नाव

अबोली नाव ठेवायचं म्हटलं की घरातून पहिला आक्षेप येतो तो 'अ'वर. मुलीला मुकी म्हणायचं का? आमच्याकडे हा आक्षेप एका चुलत आजोबांनी घेतला. त्यांना एवढंच सांगितलं की अबोल म्हणजे मितभाषी, मुकी नव्हे. आणि नाव विशेषणावरून नाही, फुलावरून ठेवतोय. तरी व्यवहारात एक गोष्ट गृहीत धरा. मुलगी बडबडी निघाली तर 'नाव अबोली आणि तोंड बघा' हा विनोद ती जन्मभर ऐकणार, आणि गप्प निघाली तर 'नावाप्रमाणेच आहे हो' हे ऐकणार. सुटका नाही. महाराष्ट्राबाहेर कुणी 'एबोली' वाचेल, आणि एखादा शहाणा इबोला या रोगाची आठवण काढेल. हे सगळं चालणार असेल तर नाव छान आहे: तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, मोठ्याने हाक मारायला शेवटी लांब 'ली'. लाडात अबू, अबो काहीही होतं.

पत्रिका पाहणाऱ्यांसाठी: अवकहडा चक्रात 'अ' हे कृत्तिका नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं अक्षर, रास मेष. बाळाचं अक्षर वेगळं आलं तर अडून बसू नका. राशीनाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं, ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. राशीनाव बाळाच्या कानात सांगा.

खरी काळजी कागदावर घ्यायची. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, आणि ती नावाशिवायही होते. त्यामुळे रुग्णालयात कुणी घाई केली तरी गडबडून नाव लिहून देऊ नका. नाव नंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पण एकदा लिहिलेलं नाव बदलणं हे रिकाम्या जागी नाव घालण्यापेक्षा फार कटकटीचं आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला आहे, म्हणून तिथली चूक सगळीकडे जाते.

तर, नोंदणीच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून दोघांनी सही करा म्हणते मी. अर्धं थट्टेत, अर्धं खरं. एक, देवनागरीत अबोली की आबोली. गोव्याकडची माणसं बोलताना 'आ' लांबवतात आणि लिहिणारा तसंच लिहितो. दोन, इंग्रजी अक्षरं: शेवटी एक आय की दोन ई? दोन्ही प्रकार प्रचलित आहेत. आय लहान आणि सरळ आहे, मी तोच सुचवते. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पुढे प्रत्येक अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र जोडत बसावं लागतं. तीन, पूर्ण नाव सलग म्हणून बघा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे अबोलीच्या शेजारी पहिलं नाव आईचं येणार. भाचीचं नावही फुलाचंच आहे, त्यामुळे आमच्याकडे दाखला वाचताना परडी वाचल्यासारखं वाटतं.

अर्जदाराने कार्यालयात मसुदा छापून दाखवायला सांगावं आणि दोन्ही लिप्यांतली अक्षरं बोट ठेवून वाचावीत. आमच्या वेळी पहिल्या छापील प्रतीत 'अंबोली' आलं होतं. मला रोपवाटिकावाल्याची आठवण झाली. सही करायच्या आधी दिसलं म्हणून निभावलं.

बारशाच्या आदल्या दिवशी

पाळण्याच्या पुढच्या दांडीला दोन हात लांबीचा गजरा पुरतो, दोरांना दोन लहान. त्याला मला सव्वाचारशेच्या आसपास फुलं लागली. एका दिवशी तेवढी मिळत नाहीत, म्हणून तीन तोडण्यांची फुलं साठवावी लागतात: सर्वांत जुनी फुलं गजऱ्याच्या मागच्या बाजूला, त्या दिवशीची समोर. गुंफायला दोघींना तीन तास धरा. तयार गजरे केळीच्या पानात गुंडाळून, वरून ओलं फडकं घालून, जमिनीवर गार कोपऱ्यात ठेवा. पाळण्याला बांधताना गजऱ्याचा दोरा दांडीला थेट बांधू नका, झोका दिला की गाठी सैल होतात. आधी दांडीला सुती पट्टी गुंडाळा आणि तिला टाके घालून गजरा अडकवा. बाळाच्या हाताला किंवा तोंडाला लागेल एवढा खाली सोडू नका.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी गजरे उतरवलेत की दोरा सोडवून फुलं परत त्याच कुंड्यांत टाका. आणि बियांसाठी राखलेली कणसं त्या दोन दिवसांच्या गडबडीत कुणी कापून फेकली नाहीत ना, ते आधी बघा. आमची दोन गेली.